विद्वानांचें पर्यटन आणि त्याचें प्रायश्चित्त

इ. स. १८७४ सालीं लंडन येथें प्राच्यविद्यापंडितांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना तिचें निमंत्रण आलें होतें. ते स्वतः गेले नाहींत; नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर लिहिलेला त्यांचा निबंध मात्र गेला, आणि परिषदेच्या ग्रंथांत तो छापलाहि गेला. पुढें बारा वर्षांनीं, १८८६ सालीं, त्याच परिषदेचें सातवें अधिवेशन व्हिएन्ना येथें भरलें, त्या वेळीं मात्र भांडारकर समुद्र ओलांडून स्वतः तेथें गेले. एकाच विद्वानाच्या आयुष्यांतील या दोन गोष्टींत आज जगांतील विद्यापीठांपुढें पडलेला एक प्रश्न बीजरूपानें आलेला आहे. ज्ञानाच्या कामासाठीं माणसानें स्वतः केव्हां जावें, आणि केव्हां केवळ आपला निबंध धाडावा?

त्या काळीं प्रवासाचा जो दोष मानला जाई, तो धर्माचा होता. बौधायनाच्या धर्मसूत्रांत पतनीय कर्में सांगितलीं आहेत, त्यांत समुद्रगमनाचा उल्लेख पहिलाच आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, विलायतेहून परत आलेल्या गृहस्थाला प्रायश्चित्तावांचून पंक्तीस बसूं देण्यास अनेक जाती तयार नसत. काळाची गति मोठी विचित्र आहे. समुद्र ओलांडण्याचा तो जुना दोष आज कोणी मानीत नाहीं. परंतु आकाशमार्गानें समुद्र ओलांडण्याचा एक नवा दोष विज्ञानानें दाखवून दिला आहे, आणि त्यासाठीं नवें प्रायश्चित्तहि निघालें आहे. विमानानें परिषदेला जाणाऱ्या प्राध्यापकाच्या प्रवासामुळें हवेंत जितका कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायु मिसळतो, तितकाच वायु दुसरीकडे कोठें तरी कमी व्हावा म्हणून पैसे द्यावयाचे, असें या प्रायश्चित्ताचें स्वरूप आहे. या व्यवहाराला ‘कार्बन ऑफसेट’ असें नांव पडलें आहे. मराठींत त्याला कर्बवायूची भरपाई म्हणतां येईल. ही भरपाई विद्यापीठांनीं आपल्या तिजोरींतून करावी कीं करूं नये, हा आजचा वादविषय आहे.

या वादाचा इतिहास पाहण्यापूर्वीं धर्मशास्त्रांतील एका भेदाकडे लक्ष देणें अवश्य आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत प्रायश्चित्ताचें जें विवेचन आलें आहे, त्यांत केवळ व्रत किंवा दान पुरेसें मानलेलें नाहीं. केल्या कर्माचा पश्चात्ताप आणि पुन्हां तसें न करण्याचा निश्चय यांवांचून शुद्धि नाहीं, असा त्याचा आशय आहे. पुढें निबंधकारांनीं ‘प्रत्याम्नाय’ नांवाची एक सोय सांगितली. बारा दिवसांचें प्राजापत्य कृच्छ्र ज्याला झेपत नाहीं, त्यानें त्याऐवजीं गाय द्यावी. गाय नसेल तर तिचें मोल द्यावें. किंवा जप करावा, ब्राह्मणभोजन घालावें. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या आपल्या बृहत् इतिहासांत या बदली प्रायश्चित्तांची साक्षेपानें माहिती दिली आहे. ही सोय मूळ अशक्तासाठीं होती. परंतु जेथें व्रत जड आणि मोल हलकें, तेथें सशक्तानेंहि मोलच पुढें करावें, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि मोल घेणारांचा एक वर्ग एकदां तयार झाला म्हणजे पश्चात्तापाची चौकशी करण्याचें कोणालाच कारण उरत नाहीं. कर्बवायूच्या भरपाईचा सुमारें चाळीस वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं याच प्रत्याम्नायाचा इतिहास आहे.

काणे स्वतः १९४८ सालीं पॅरिस येथें भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेस गेले होते. त्याच वर्षीं जून महिन्याच्या ८ तारखेस ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें, आणि एअर इंडियाची विलायतेची नियमित वाहतूक सुरू झाली. आगबोटीचा दोन-तीन आठवड्यांचा प्रवास आतां दिवसांवर आला. १९६० नंतर जेट विमानांनीं तो तासांवर आणला. विद्वानांच्या परिषदा वाढल्या, त्यांचें अंतर तुटलें, आणि परदेशच्या परिषदेंत वाचलेला निबंध हा प्राध्यापकाच्या योग्यतेचा दाखला होऊन बसला. या सर्व काळांत विमानाच्या धुराचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नव्हतें.

वास्तविक त्या हिशेबाचें शास्त्र जुनें आहे. स्वीडनच्या स्वांते अर्हेनियस या रसायनशास्त्रज्ञानें १८९६ सालींच हवेंतील कर्बवायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित मांडलें होतें. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूचें नियमित मापन सुरू केलें. त्या वेळीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. आज ते प्रमाण ४२० च्या वर गेलें आहे. विमानाचें एक किलो इंधन जळलें कीं सुमारें ३.१६ किलो कर्बवायु तयार होतो, कारण जळतांना इंधनांतील कार्बनाला हवेंतील प्राणवायु येऊन मिळतो. २०१८ सालीं मनुष्यानें सोडलेल्या एकंदर कर्बवायूपैकीं सुमारें २.४ टक्के वायु विमानांचा होता; आणि विमानामागें उमटणारे ढगांचे पट्टे व इतर परिणाम जमेस धरले, तर तापमानवाढींत विमानांचा वांटा सुमारें ३.५ टक्के भरतो. भरपाईच्या दुकानीं जो हिशेब होतो, तो पुष्कळदां यांपैकीं केवळ कर्बवायूचा असतो, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

विद्वानांच्या एका मेळाव्याचा हिशेब पुढें प्रसिद्ध झाला. २०१९ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील भूविज्ञानाच्या मोठ्या संघाची वार्षिक परिषद सॅन फ्रान्सिस्को येथें भरली. तिला सुमारें २८,००० लोक जमले. त्यांच्या जाण्यायेण्याचें एकूण अंतर २८ कोटी ५० लक्ष किलोमीटर भरलें, आणि त्यापायीं सुमारें ८०,००० टन कर्बवायु हवेंत गेला. म्हणजे माणशीं सुमारें ३ टन. भारतांत एका माणसामागें वर्षभराचा कर्बवायु सुमारें २ टन भरतो. त्या परिषदेंत पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर व्याख्यानें देणारे शास्त्रज्ञहि पुष्कळ होते. हा केवळ उपरोध नव्हे. आपल्या शास्त्राचा निष्कर्ष आपल्यालाच लागू पडतो, हें विद्वानांना यामुळें कळून चुकलें.

मग सरकारांनीं विमानाच्या इंधनावर कर बसवून हा प्रश्न सोडविला कां नाहीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर शिकागो येथें ७ डिसेंबर १९४४ रोजीं झालेल्या करारांत आहे. महायुद्ध चालू असतांनाच अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधि तेथें जमले, आणि त्यांनीं आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचे नियम ठरविले. परक्या देशांतून आलेल्या विमानाच्या टाकींत जें इंधन असेल, त्यावर जकात घेऊं नये, असें त्याच्या चोविसाव्या कलमांत आहे. पुढें राष्ट्राराष्ट्रांच्या परस्पर करारांनीं ही सूट परक्या भूमीवर भरलेल्या इंधनापर्यंत वाढविली. नव्यानें जन्मलेल्या धंद्याला दिलेली ती बाळघुटी होती. पण बाळ मोठें झालें तरी घुटी चालूच राहिली. १९९७ च्या क्योटो करारांतहि आंतरराष्ट्रीय विमानांचा वायु कोणत्याच राष्ट्राच्या खात्यावर टाकण्यांत आला नाहीं. तो विषय आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेकडे सोंपविला गेला. त्या संघटनेनें २०१६ सालीं योजना केली ती भरपाईचीच, आणि तीहि मुख्यतः ठराविक मर्यादेपलीकडे वाढणाऱ्या वायूपुरती. जेथें राजाचा कर नाहीं, तेथें सज्जनांनीं आपखुशीनें दंड भरावा, अशी ही स्थिति आहे. विद्यापीठांवर भरपाईचा प्रश्न येऊन पडला, तो या पोकळींतून.

भरपाईची मूळ कल्पना कोठून आली? फ्रीमन डायसन या पदार्थवैज्ञानिकानें १९७७ सालीं एका निबंधांत असें सुचविलें कीं, कर्बवायूचें प्रमाण एकाएकीं संकटाच्या पातळीस गेलें, तर जलद वाढणारीं झाडें प्रचंड प्रमाणावर लावून कांहीं काळ निभावून न्यावें, आणि तेवढ्या अवधींत कोळसा व तेल सोडून दुसऱ्या मार्गास लागावें. झाडें ही कायमची तोड नव्हे, ती उसंत होय, हें त्यांतील मर्म होतें. अकरा वर्षांनीं ए. ई. एस. या अमेरिकन वीजकंपनीनें कनेक्टिकट राज्यांत कोळशावर चालणारें वीजगृह उभारतांना ग्वाटेमाला देशांत झाडें लावण्यासाठीं २० लक्ष डॉलर देऊं केले. ‘केअर’ या सेवासंस्थेनें सुमारें ४०,००० शेतकऱ्यांकडून दहा वर्षांत ५ कोटी २० लक्ष झाडें लावून घ्यावींत, असा बेत होता. अशा प्रकारचा हा पहिला उद्योग समजला जातो. पुढील मोजणींत ठरलेलें उद्दिष्ट पुष्कळच मागें राहिल्याचें दिसून आलें. शेतकऱ्याला झाड हवें होतें तें सरपणासाठीं आणि फळासाठीं. वीजकंपनीला तें उभें आणि वाढतें हवें होतें. कोळसा मात्र बेताप्रमाणें जळाला. उसंतीसाठीं सुचविलेला उपाय पहिल्याच प्रयोगांत कोळसा जाळण्याचा परवाना झाला.

क्योटो करारानें या व्यवहाराला बाजाराचें रूप दिलें. श्रीमंत राष्ट्रांनीं गरीब राष्ट्रांत वायु कमी करणारे उद्योग उभारण्यास साहाय्य करावें, आणि वांचलेल्या प्रत्येक टनाचा दाखला आपल्या नांवावर जमा करून घ्यावा, अशी ती योजना होती. करार १६ फेब्रुवारी २००५ रोजीं अमलांत आला. परंतु त्याच्या आधींच खाजगी ग्राहकांसाठीं असे दाखले विकणाऱ्या संस्था यूरोपांत निघाल्या होत्या. त्यांपैकीं एकीचा जन्म तर विद्यापीठांतच झाला. २००२ सालीं स्वित्झर्लंडमधील झ्यूरिकच्या संघीय तंत्रविद्यापीठांतील मंडळींनीं कोस्टा रिका येथील एका परिषदेच्या निमित्तानें विमानप्रवासाची भरपाई करण्याचा उपक्रम केला, आणि त्यांतून ‘मायक्लायमेट’ ही संस्था उभी राहिली. त्यांचा हेतु निर्मळ होता, यांत शंका नाहीं. ज्या कामासाठीं ते जात होते तें काम चांगलें, जाण्याचा मार्ग सदोष. मग दोषाचें मोल देऊन टाकावें, असा सरळ विचार त्यामागें होता.

या विचारांत कच्चा दुवा कोणता, तें एका घरगुती उदाहरणानें स्पष्ट होईल. एका गृहस्थानें शेजाऱ्याला त्याचें आंब्याचें झाड तोडूं नये म्हणून पैसे दिले, आणि तेवढ्या हिशेबावर आपल्या दारचें झाड तोडलें. आतां शेजाऱ्याला आपलें झाड तोडावयाचें नव्हतेंच, असें निघालें तर? पैसे दिले गेले, दाखला मिळाला, दोघेहि संतुष्ट झाले. एक झाड मात्र गेलें. पैशावांचून जें झालें नसतें, तेंच पैशानें झालें पाहिजे, ही भरपाईची पहिली कसोटी आहे. पण जें घडलें नाहीं, तें घडलें असतें कीं नाहीं, हें सिद्ध करणें फार कठीण. आणि विकणारा व घेणारा या दोघांनाहि उत्तर होकारार्थीच हवें असतें.

महाराष्ट्रांत या कसोटीचें उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सातारा व धुळे या जिल्ह्यांतील पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं उद्योगांना क्योटो योजनेखालीं दाखले मिळाले. पवनचक्की कोळशाची वीज वांचविते, हें खरेंच आहे. परंतु केंद्र सरकारच्या घसाऱ्याच्या करसवलतीमुळें भांडवलवाले या धंद्याकडे १९९० नंतरच वळूं लागले होते. तेव्हां दाखल्याचे पैसे नसते, तर या पवनचक्क्या उभ्या राहिल्या नसत्या काय? भारतांतील पवनचक्क्यांचा या दृष्टीनें अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, किमान ५२ टक्के दाखले तरी बहुधा एरवींहि उभ्या राहिल्या असत्या अशाच उद्योगांना दिले गेले. यूरोपियन कमिशनसाठीं २०१६ सालीं झालेल्या पाहणीचा निष्कर्ष अधिकच कडक होता. क्योटो योजनेखालील ८५ टक्के उद्योगांनीं खरी आणि अधिक अशी घट घडवून आणली असण्याचा संभव कमी, असें तिनें म्हटलें. जंगलें राखण्याच्या दाखल्यांचीहि स्थिति निराळी नाहीं. सहा देशांतील अशा उद्योगांची २०२३ सालीं ‘सायन्स’ पत्रांत तपासणी आली, तिच्यांत अपेक्षित दाखल्यांपैकीं सुमारें ६ टक्क्यांपुरतीच खरी घट दिसून आली.

शिवाय काळाचाहि भेद आहे. कोळशाचा किंवा तेलाचा कार्बन लक्षावधि वर्षें भूगर्भांत सुरक्षित होता. एकदां तो हवेंत गेला कीं त्याचा कांहीं अंश हजारों वर्षें हवेंतच राहतो. झाडांत सांठविलेला कार्बन वणवा, वादळ किंवा कुऱ्हाड यांच्या स्वाधीन असतो. ज्या कर्जाची मुदत हजारों वर्षांची, त्याला चाळीस वर्षांचें तारण पुरत नाहीं.

विद्वानांच्या जगांत या व्यवहाराविरुद्ध ठळक आवाज उठला तो २०१२ सालीं. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत लंडन येथें ‘प्लॅनेट अंडर प्रेशर’ नांवाची मोठी परिषद भरली. पृथ्वीवर पडणारा भार हाच तिचा विषय होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून भरपाईची रक्कम सक्तीनें घेतली जात होती. मँचेस्टर विद्यापीठांतील प्रा. केव्हिन अँडरसन यांनीं ती रक्कम देण्याचें आणि परिषदेला जाण्याचेंहि नाकारलें, आणि आपलीं कारणें ‘नेचर’ या नियतकालिकांत मांडलीं. भरपाई कांहीं न करण्यापेक्षांहि वाईट, असें त्यांचें मत होतें. ती भरणारा मनुष्य निश्चिंत होतो आणि पुढच्या वेळीं पुन्हां विमानांत बसतो. प्रवासी वाढतात म्हणून कंपन्या नवीं विमानें मागवितात. विमानें वाढतात म्हणून विमानतळ वाढतात. असा एकेका तिकिटाचा परिणाम तिकिटापुरता राहत नाहीं. अँडरसन स्वतः चीनला आगगाडीनें जाऊन आले होते, त्यामुळें त्यांच्या बोलण्याला आचरणाचा आधार होता.

तथापि प्रतिपक्षाचें म्हणणेंहि टाकाऊ नाहीं. उद्यां सर्व विद्यापीठांनीं भरपाई बंद केली, तर त्यामुळें एकहि विमान जमिनीवर राहणार नाहीं. उलट, प्रवासाला दोष लागतो ही जाणीवच पुसली जाईल. ज्यानें घाण केली त्यानें झाडण्याचा खर्च द्यावा, हा न्याय सर्वमान्य आहे. ग्रंथालयाचा, प्रयोगशाळेचा, विजेचा खर्च विद्यापीठ मोजतें. मग हवेवर टाकलेला खर्च तेवढा मोजूं नये, हें कसें? आणि व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर हा भार टाकण्यापेक्षां संस्थेनें तो पत्करावा, हेंहि रास्त आहे. कारण प्राध्यापकाला परिषदांना पाठविणारी, आणि परतल्यावर त्या परिषदा मोजून बढती देणारी संस्थाच असते.

या दोन पक्षांच्या मधला मार्ग कांहीं विद्यापीठांनीं शोधून पाहिला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें २०१८ सालीं आपल्या लोकांच्या विमानप्रवासावर एक लहानसा आकार बसविला: देशांतर्गत जाण्यायेण्यास ९ डॉलर, परदेशच्या प्रवासास २५ डॉलर. ही रक्कम दूरच्या जंगलाचे दाखले घेण्यांत न घालवितां, विद्यापीठाच्याच आवारांतील वायु कमी करणाऱ्या कामांसाठीं ठेवली गेली. २५ डॉलरच्या धाकानें कोणी परदेशचा प्रवास रद्द करील, असें मुळींच नाहीं. पण पैसा कोठें गेला आणि त्यानें काय झालें, हें देणाराला जाऊन पाहतां येतें, हा मोठा गुण होय. याच विद्यापीठाची जी दहा शाखांची मातृसंस्था, तिनें २०१३ सालीं प्रतिज्ञा केली होती कीं, २०२५ पर्यंत आपल्या इमारतींच्या व वाहनांच्या वायूचा हिशेब शून्यावर आणूं. त्या हिशेबांत भरपाईला मोठें स्थान होतें. पण भरपाईचा कस लावून पाहतां पाहतां तिचा विश्वास उडाला, आणि २०२३ सालीं तिनें धोरण बदलून, विकतच्या दाखल्यांऐवजीं २०४५ पर्यंत स्वतःचाच वायु शेंकडा ९० नें कमी करण्याचें ठरविलें.

झ्यूरिकची कथा याहून बोलकी आहे. ज्या विद्यापीठांत भरपाईची संस्था जन्मली, त्याच विद्यापीठाला पुढें असें आढळून आलें कीं, आपल्या एकंदर वायूपैकीं निम्म्याहून अधिक वायु प्रवासाचाच आहे. तेव्हां २०१७ पासून तेथें प्रवास कमी करण्याचाच उपक्रम हातीं घेतला गेला, आणि २०१६ ते २०१८ च्या सरासरीच्या मानानें २०२५ पर्यंत माणशीं ११ टक्के घट करण्याचें उद्दिष्ट ठरलें. प्रत्येक विभागानें आपली घट आपणच ठरवावी, अशी तेथील रीति होती. बेल्जममधील गेंट विद्यापीठानें शहरांच्या याद्याच केल्या. ज्या शहरीं आगगाडीनें थोड्या तासांत जातां येतें, तेथें विमानानें जाऊं नये, असा संकेत घातला. येथें व्रत पुढें आलें आणि मोल मागें पडलें.

आणि प्रवास कमी केल्यानें विद्येची हानि होते काय? कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत २०१९ सालीं झालेल्या अभ्यासांत, अधिक उड्डाणें करणाऱ्या अध्यापकांच्या लेखनाला अधिक मान मिळतो, असें आढळलें नाहीं. संबंध दिसला तो उड्डाणें व पगार यांच्यामध्यें. स्वित्झर्लंडमधील लोझान येथें असें दिसलें कीं, एका प्राध्यापकाच्या प्रवासाचा वायु संशोधक विद्यार्थ्याच्या सुमारें दहापट असतो. ज्याला ओळखी करून घ्यावयाच्या आहेत तो घरीं, आणि ज्याची ओळख जगाला आहे तो विमानांत, असा हा प्रकार झाला. २०२० सालच्या महामारीनें तर सर्वांनाच घरीं बसविलें. सॅन फ्रान्सिस्कोची ती प्रचंड परिषद त्या वर्षीं दूरसंवादानेंच पार पडली. भोजनसमयींच्या गप्पा आणि नव्या माणसाशीं अकस्मात् पडलेली गांठ यांची उणीव सर्वांना भासली. निबंध मात्र वाचले गेले, आणि एरवीं ज्यांना येणें परवडलें नसतें, त्यांनाहि ते ऐकतां आले.

न्यायाचा प्रश्न येथेंच उभा राहतो. गेंटच्या अध्यापकाला पॅरिसची आगगाडी आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या तरुण संशोधकाला यूरोपास जाण्यासाठीं विमानावांचून दुसरी व्यवहार्य वाट नाहीं. त्याचा तो कदाचित् आयुष्यांतला पहिला प्रवास असतो, आणि त्यावर त्याची पुढची वृत्ति अवलंबून असते. परिषदेच्या वर्गणींत सक्तीची भरपाई मिसळली, तर वर्षांत दहादां उडणारा बोस्टनचा प्राध्यापक आणि हा विद्यार्थी सारखाच दंड भरतात; एकाचा दंड त्याचें विद्यापीठ देतें, दुसऱ्याचा त्याच्या शिष्यवृत्तींतून जातो. जगाची हवा ज्या लोकांनीं सर्वांत कमी बिघडविली, त्यांच्याच मुलांना ज्ञानाच्या पंक्तींतून उठविणारें प्रायश्चित्त कोणत्याहि धर्मशास्त्राला मान्य होणार नाहीं.

तेव्हां विद्यापीठांनीं पैसे द्यावेत काय? इतिहासाचा कौल असा दिसतो कीं, पैसे द्यावेत. परंतु शुद्धि विकत घेण्यासाठीं देऊं नयेत. जो प्रवास टळण्यासारखा आहे त्याला मोल नाहीं, त्याला नकारच योग्य. जो टळत नाहीं, त्याचा वायु मोजून तो उघडपणें आपल्या हिशेबांत दाखवावा, आणि दाखला घेऊन तो पुसला गेल्याचें सांगूं नये. त्यावर जो आकार बसेल तो वारंवार उडणारावर चढता आणि नवशिक्यावर शून्य असावा. आणि ती रक्कम अशा कामीं लावावी, कीं तिचें फळ देणाराला डोळ्यांनीं पाहतां येईल: वसतिगृहाच्या छपरावरील सूर्यविजेचीं यंत्रें, आगगाडीचीं महाग तिकिटें, दूरच्यांना घरबसल्या भाग घेतां येईल अशीं परिषदेचीं साधनें. अशा दानाला भरपाई म्हणण्यापेक्षां कर म्हणावें, हें अधिक प्रामाणिक. कर भरणारा आपण निर्दोष झालों असें समजत नाहीं. खर्च झाला आणि तो आपल्याला द्यावा लागला, एवढेंच तो समजतो. प्रत्याम्नाय अशक्तासाठीं राखून ठेवावा, सशक्तानें व्रतच करावें, हा जुना विवेक येथें नव्यानें उपयोगीं पडतो.

भांडारकरांच्या वेळीं हा विवेक अंतर आणि खर्च यांनींच घडवून आणला होता. १८७४ सालीं लंडनला केवळ नाशिकचे शिलालेख पोंचावयाचे होते, आणि ते टपालानें पोंचले. १८८६ सालीं व्हिएन्नास ज्यांच्याशीं प्रत्यक्ष बोलावयाचें होतें, त्यांत तेथील विद्यापीठांत अध्यापन करणारे डॉ. ब्यूलर होते, त्यांची उमेदीचीं वर्षें मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत गेलीं होतीं. लेखानें भागतें तेथें लेख, आणि माणसानेंच भागतें तेथें माणूस, अशी ही विभागणी होती. विमानानें ती सोपेपणानें मोडून टाकली. ती पुन्हां जाणून बुजून घालावयाची, तर त्याचें ओझें पैशाच्या पेटीवर टाकून चालणार नाहीं. प्रत्येक निमंत्रण हातीं आल्यावर, तेथें निबंधानें जावें कीं आपण जावें, हें त्या विद्वानाला आणि त्याच्या विद्यापीठाला ठरवावें लागेल.